आबांचा साचा

आज मी टूलरूममध्ये डाय बनवतो, घर त्यावर चालतं. हे काम कुठे शिकलात असं कोणी विचारलं की मी आबांचं नाव घेतो. आबांनी आयुष्यात एकही डाय बनवली नव्हती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीत ते मोल्डर होते आणि आमच्याच गल्लीत राहायचे. सुट्टीच्या दिवशी पंचगंगेवर गळ टाकायला जायचे, आणि गळाला लावायचे जिग घरीच, परसात चुलीवर शिसं वितळवून ओतायचे.

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. नेढ्याजवळ काटकोनात वाकवलेला गळ घ्यायचा, त्या वाकाभोवती शिशाचा गोळा ओतायचा आणि मागे कोंबड्याच्या मानेची पिसं दोऱ्याने आवळायची. नेढं वर आणि वजन खाली, त्यामुळे पाण्यात गळाचं टोक आभाळाकडे राहतं आणि तळाच्या दगडांत फारसं अडकत नाही. उचलायचा आणि सोडायचा. उचलताना पिसं मिटतात, थांबला की फुलतात. मरळ, शिंगाडा असे शिकारी मासे त्याला जखमी मासोळी समजून धरतात, तेही बहुधा तो खाली पडत असताना. म्हणून डोळा तंगुसावर ठेवायचा. तंगूस अवेळी ढिला पडला की समजायचं.

मी तेव्हा आयटीआयला फिटर ट्रेडला होतो. लोखंडाचा तुकडा दिवसभर घासायचा, गुण्याला लावून उजेडात धरायचा आणि फट दिसली की पुन्हा घासायचा. हे कशासाठी ते मला कळत नव्हतं. ट्रेड सोडावा असं मनात घोळत होतं. एका संध्याकाळी आबांनी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाले, "जुना साचा झिजलाय. नवीन करून दे मला. तुला फाईल येती न्हवं?"

मला येत नव्हती, हे त्यांना दिसतच होतं. त्यांनी जुन्या साच्यातून ओतलेला एक जिग दाखवला. डोक्याच्या कडेने शिशाचा पातळ पापुद्रा आलेला होता. दोन्ही अंगं नीट बसत नाहीत, मधल्या फटीतून रस बाहेर येतो, हे त्यांनी बोटाने दाखवलं. मग एका पट्टीला मार्किंगचं निळं पुसटसं लावून तिच्यावर दुसरी घासली. निळे ठिपके उठले ते उंचवटे. तेवढेच काढायचे, पुन्हा निळं लावायचं, पुन्हा बघायचं. हळूहळू ठिपके पसरत गेले आणि एक दिवस सगळी पट्टी सारखी निळी झाली. सपाट म्हणजे काय ते त्या दिवशी माझ्या हाताला कळलं. आयटीआयतल्या निदेशकांनी हेच शिकवलं असणार. पण फट राहिली तर काय होतं ते शिशाच्या पापुद्र्याने दाखवलं, तोवर मला त्याची गरजच वाटली नव्हती.

ओतण्याच्या दिवशी आबा वेगळेच असायचे. फाउंड्रीत आयुष्य गेलेला माणूस, वितळलेल्या धातूपुढे त्यांचं बोलणं बंद व्हायचं. पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, वारा पाठीकडून. आधी साच्याला रॉकेलच्या चिमणीची काजळी धरायची, म्हणजे रस सरकतो आणि जिग चिकटत नाही. पहिले दोन-चार जिग नेहमी अर्धवट यायचे, कारण साचा अजून गार असायचा. ते परत भांड्यात टाकायचे, पण टाकण्याआधी पुसायचे. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि अख्खं भांडं उसळतं. "वल्लं काय बी जवळ आणू नगंस," हे ते प्रत्येक वेळी सांगायचे. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक असूनही सांगायचे. पुढे माझ्या हाताखाली मुलं आली तेव्हा ठाऊक असलेली गोष्टही रोज सांगायची असते, ही सवय मला आयती मिळाली होती.

पहिला पगार झाला तेव्हा मला एक लांब, जाडजूड परदेशी रॉड घ्यायचा होता. दुकानात मोठा मासा डोळ्यापुढे येतो आणि हात महागाच्या सामानाकडे जातो. आबा म्हणाले, "आधी पाणी बघ, मग दुकान बघ." आणि मला कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर घेऊन गेले. पावसाळ्यानंतर बरगे घातलेले, वर पाणी तुंबलेलं, खाली दगडांतून फेसाळणारी धार. धारेच्या कडेला जिथे पाणी वळून संथ होतं, तिथे मासे थांबतात. एवढ्याशा जागेत पाच-सात ग्रॅमचा जिग पुरतो. जाडजूड रॉड एवढ्या वजनाला वाकतच नाही, आणि जो वाकत नाही तो फेकतही नाही. मुठीच्या वर रॉडवर छापलेला ग्रॅमचा आकडा आबांनी मला पहिल्यांदा वाचायला लावला. मग जमलं ते असं: साडेसहा फुटी हलका रॉड, छोटं रीळ, पाव मिलिमीटरचा तंगूस. मी घेणार होतो त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. कारखान्यासाठी एखादं मशीन निवडायची वेळ येते तेव्हा मी आजही आधी जॉब बघतो, मग कॅटलॉग उघडतो.

आबांचे नियम थोडे होते, पण पक्के. पाण्यावर मरळीच्या तांबूस पिल्लांचा घोळका दिसला की तिथून गळ उचलायचा, कारण खाली आई-बाप राखणीला असतात आणि जवळ येईल त्यावर झडप घालतात. ती मरळ सहज मिळते, म्हणूनच धरायची नाही. गळाचा काटा ते पकडीने दाबून टाकायचे, म्हणजे सोडलेल्या माशाचा जबडा फाटत नाही.

माझी मुलगी रांगायला लागली त्या सुमारास शिशाबद्दल थोडं वाचलं. लहान मुलांच्या मेंदूला ते किती घातक आहे, आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी ठाऊक नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हेही. इंग्लंडात हंस गळाची शिशाची वजनं गिळून मरत होते, म्हणून १९८७ पासून तिथे २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. हे आबांना कसं सांगावं ते मला समजेना. ज्यांनी मला ओतायला शिकवलं त्यांनाच ओतू नका म्हणायचं. पण त्यांच्या घरातही नातवंडं होती, म्हणून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून परसातल्या शिशाच्या लगडी आणि भांड्यातली राखसुद्धा डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "कथील चालंल का?" सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हातातली विद्या बाजूला ठेवून माझ्याकडून शिकायला बसावं, याचं मोल मला करता येत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कथील २३२ला. त्याचा धाकही कमी. पण कथील हलकं. दहा ग्रॅमच्या साच्यातून साडेसहाच्या आतबाहेर वजन निघतं. तेवढंच वजन हवं तर खाच दीडपट मोठी हवी, आणि डोकं मोठं झालं की जिग पाण्यात सावकाश बुडतो. आबांना ते आवडलं. थंडीत मासा सुस्त असतो, त्याला सावकाश पडणारा जिगच बरा, असं त्यांचं म्हणणं.

नवा साचा मी कारखान्यात बनवला. माझ्या हाताखालच्या दोन पोरांकडून त्याची अंगं निळं लावून बसवून घेतली. आबांनी मजुरी विचारली. मी नको म्हटलं तर म्हणाले, "कामाचं पैसं घ्यायचं असत्यात." घेतले, आणि पोरांना दिले. ते कळल्यावर आबांनी निरोप पाठवला, रविवारी दोघांना बंधाऱ्यावर घेऊन ये, रॉड माझे वापरतील.