‘आमच्यात असे असते’

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, एका अंगाला मिठागरे, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर अशा चिंचोळ्या भूभागात काही ग्रामपंचायती मिळून 1985 साली नगरपरिषद झाली, 2002 साली तिची महानगरपालिका झाली, आणि 1991 च्या खानेसुमारीत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली मीरा-भाईंदरची वस्ती 2011 साली आठ लाखांवर गेली. शहरे वाढतात यात नवल नाही. हे शहर ज्या रीतीने वाढले तिचे मात्र आहे. येथे माणसे सुटी सुटी आली नाहीत. आपापली जमात, आपापले देऊळ, आपापली मशीद, आपापला वाणी आणि आपापला वैद्यही बरोबर घेऊन आली. भाईंदर पश्चिमेस राजस्थान-गुजरातेतील जैन व्यापारी, पूर्वेस स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांतून पॉलिश करणारे पूर्वांचलातील तरुण, नया नगरात 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतील जुनी घरे सोडून आलेली कित्येक मुसलमान कुटुंबे, आणि या सर्वांच्या भोवताली, मूळचे असूनही आता संख्येने पाहुण्यांसारखे झालेले राई, मुर्धे, नवघर, खारीगावचे आगरी, उत्तन, पाली, डोंगरीचे ख्रिस्ती कोळी व ईस्ट इंडियन, आणि काशिमिरा, चेणे, घोडबंदरच्या पाड्यांवरले वारली व कातकरी. गिरगाव-दादरच्या चाळींतली खोली विकून आलेल्या माझ्यासारख्या मराठी कुटुंबांचीही यांतच गणना करावयाची.

अशा शहरात कौटुंबिक समुपदेशनाचे काम करताना एक वाक्य सर्व भाषांतून आणि सर्व धर्मांतून कानी पडते : ‘आमच्यात असे असते.’ सून माहेरी गेली तर परवानगी घेऊन जाते, आमच्यात असे असते. थोरल्याचे शब्द धाकट्याने उलटवायचे नसतात, आमच्यात असे असते. बाईमाणूस पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, आमच्यात असे असते. नवख्या कार्यकर्त्याला हे वाक्य म्हणजे परक्या समाजाच्या अंतरंगाचा दाखलाच मिळाल्यासारखे वाटते, आणि वेगळ्या संस्कृतीचा मान राखावा या सद्बुद्धीने तो ते केस पेपरवर तत्परतेने नोंदवून ठेवतो. वास्तविक त्याने पहिली नोंद करावयाची ती निराळीच : हे वाक्य खोलीतील कोणत्या इसमाने उच्चारले? माझ्या अनुभवात ते फिर्याद घेऊन आलेल्या बाईच्या तोंडून क्वचितच येते. ते येते दिराच्या, सासऱ्याच्या, जमातीच्या एखाद्या मुखत्यार गृहस्थाच्या, कधी सासूच्या तोंडून. म्हणजे त्या चालीरीतीपासून ज्याला लाभ आहे त्याच्या तोंडून. समाजाची रीत जाणून घेणे हे आमच्या व्यवसायाचे कर्तव्य खरे, परंतु ती कोणाकडून जाणून घ्यावयाची, या एका प्रश्नावर सारे अवलंबून आहे, आणि त्याची चर्चा आमच्या पाठ्यपुस्तकांत फार थोडी आहे.

ती पुस्तके मुळात परदेशी होती. मेरी रिचमंड या अमेरिकन विदुषीने 1917 साली व्यक्तिसाहाय्य कार्याला शास्त्राचे रूप देणारा ग्रंथ लिहिला, आणि क्लिफर्ड मॅनशार्ड्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या नेतृत्वाखाली 1936 साली या देशातील समाजकार्याचे पहिले विद्यालय मुंबईत सुरू झाले, तेव्हा त्याच परंपरेचे शिक्षण येथे आले. हे विद्यालय, म्हणजे आजचे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, भरले ते नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी संमिश्र वस्ती असलेल्या मोहल्ल्याच्या मधोमध पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांनी आपले धडे गिरवले. मला या योगायोगाचे नेहमी कौतुक वाटते, कारण त्याच नागपाडा-मदनपुऱ्याच्या परिसरातून निघालेल्या कुटुंबांची नातवंडे आज नया नगरात माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसतात.

परंतु सर्वांत अधिक शिकवले ते पाड्यांनी. आमच्या नमुन्यात एक रकाना असतो : वैवाहिक स्थिती. त्यात विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता एवढ्याच शक्यता. डोंगराच्या कुशीतील पाड्यावरल्या एखाद्या वारली स्त्रीला लग्न झाले का असे विचारावे, तर ती निःसंकोचपणे नाही म्हणते, आणि तिच्या कडेवर एक व पदराला एक अशी दोन मुले असतात. लग्न म्हणजे धवलेरीने गाणी म्हणत लावावयाचे, सवाशिणींनी चौक लिहावयाचा, पाड्याला जेवण घालावयाचे. हा खर्च जमेपर्यंत दोघांनी एकत्र नांदावे, आणि पैसा हाती आला म्हणजे, मग मुले मांडवात खेळत असली तरी, यथासांग लग्न लावावे, ही त्या समाजातील जुनी रीत. नवरा मारतो म्हणून ती आली, आणि नोंद घेणाऱ्याने ‘अविवाहित’ या रकान्यात खूण केली, तर कागदावर तिला नवरा नाही, आणि जिला नवराच नाही तिचा कौटुंबिक छळ होणार कसा! अशा वेळी कार्यकर्त्याचा सद्भाव निरुपयोगी असतो. रीत माहीत असावी लागते आणि कायदाही माहीत असावा लागतो. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, हे पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात नसते. मात्र 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, जो 2006 च्या ऑक्टोबरात अंमलात आला, त्यात विवाहासमान संबंधांतील स्त्रीलाही संरक्षण आहे, आणि असा संबंध कोणता हे ठरवताना, दोघे समाजात पतिपत्नी म्हणून वावरत होते काय, हा सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलेल्या कसोट्यांपैकी एक मुद्दा आहे. पाड्यावरील चार वडीलधाऱ्यांना विचारले तर ते याची साक्ष आनंदाने देतात. म्हणून कौटुंबिक घटनेचा अहवाल लिहिताना मी रकान्यातली खूण टाळते आणि तपशील शेऱ्यात लिहिते. आमच्या छापील नमुन्यापेक्षा मूळ कायदा पुष्कळ उदार आहे, ही गोष्ट सरकारी कामकाजाचा परिचय असणाऱ्यांना अपूर्व वाटेल.

उत्तनच्या किनाऱ्यावर प्रश्न उलट दिशेने येतो. तेथे ‘कुटुंबप्रमुख’ विचारले की पुरुषाचे नाव मिळते, कारण शिधापत्रिकेचे जुने वळण लोकांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु होडी किनाऱ्याला लागल्यावर मासळीचा भाव ठरवणारी, बोंबील वलांडीवर घालून सुकवणारी, बाजारात बसून रोकड घरी आणणारी आणि त्या रोकडीचा हिशेब ठेवणारी घरची बाई असते. अशा घरातील कर्जाचा तंटा नवऱ्याशी बोलून सुटत नाही. आणि पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात, जेव्हा होड्या शाकारलेल्या असतात व पुरुष घरी असतात, तेव्हा घरगुती कुरबुरी वाढतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला जुलैतल्या तक्रारीचे कारण स्वभावात सापडते, पंचांगात सापडत नाही. ख्रिस्ती स्त्रीच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. चर्चमध्ये लागलेले लग्न तिच्या दृष्टीने संस्कार आहे. तिला कित्येकदा घटस्फोट नको असतो, मार नको असतो. 1869 च्या कायद्याने ख्रिस्ती पत्नीला निव्वळ क्रूरतेवरून घटस्फोट मिळत नसे, तो 2001 च्या दुरुस्तीने मिळू लागला, ही सुधारणा इष्टच; तथापि मिळतो म्हणून तो घ्यावाच असा आग्रह करणारा कार्यकर्ता तिच्यावर दुसऱ्या प्रकारचा हुकूमच चालवतो. न्यायिक विभक्तता, निवासाचा हक्क, पोटगी, हे मार्ग घटस्फोटावाचूनही मोकळे आहेत, आणि ते तिच्यापुढे मांडून निवड तिच्यावर सोपवणे, एवढेच आपल्या अधिकारात येते.

नया नगराविषयी बाहेरच्यांना एकच शब्द पुरेसा वाटतो : मुसलमान. त्या एका शब्दाखाली रत्नागिरी-रायगडातून आलेली, घरात कोकणी बोलणारी माणसे आहेत, आझमगढ-जौनपूरचे अन्सारी आहेत, मेमन आहेत, बोहरी आहेत, शिया आहेत, आणि यांच्यातील एकाची लग्नाची रीत दुसऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. 2019 साली तिहेरी तलाकविरोधी कायदा झाल्यापासून तर बुरख्यातील स्त्री दारात दिसली की ती तलाकासंबंधानेच आली असणार असे गृहीत धरण्याची खोड आमच्या व्यवसायाला जडली आहे. ती पुष्कळदा आलेली असते मुलाच्या शाळाप्रवेशासाठी, किंवा भाड्याच्या घराची अनामत रक्कम मालकाने अडकवली म्हणून. तिला काय दुःख असावे हे आपणच आधी ठरवून ठेवणे, आणि मग त्या दुःखाबद्दल तिचे सांत्वन करू लागणे, हा अपमानाचाच एक सभ्य प्रकार आहे.

भाषेचा प्रश्न या सर्वांहून बिकट. 2025 च्या जुलैत या शहरात भाषेवरून मोर्चे निघाले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. समुपदेशनाच्या खोलीत भाषा निराळ्याच रीतीने अडते. बंगाली किंवा भोजपुरी बोलणारी नवी बाई आली की कोणीतरी सद्हेतूने तिच्या इमारतीतील शेजारीण दुभाषी म्हणून पुढे करतो, आणि त्या क्षणापासून ती बाई सांगावयाचे ते सांगत नाही, कारण जे ती सांगेल ते संध्याकाळी जिन्यात पोहोचणार असते. मुलाला दुभाषी करणे त्याहून वाईट. आपल्या आईला काय झाले हे दहा वर्षांच्या मुलाने परक्या माणसाला समजावून सांगावे, याहून क्रूर प्रसंग मला सुचत नाही. दुभाषी दुसऱ्या मोहल्ल्यातला हवा, शक्य तर स्त्री हवी, आणि तिने ‘ही असे म्हणते आहे’ अशी टीका न जोडता केवळ तिचे शब्द पोहोचवावेत. त्यातूनही अडचणी राहतात. पूर्वांचलातील कितीतरी स्त्रिया नवऱ्याचे नाव उच्चारत नाहीत. ‘पतीचे नाव’ या रकान्याशी येऊन त्या आधारकार्डाकडे बोट दाखवतात. तरुण सहकाऱ्यांना याचे हसू येते. तेव्हा मी त्यांना एवढेच विचारते की आपल्या आज्या नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज कधी घेत होत्या काय?

पोलीस ठाण्यात जबाब मराठीत लिहिला जातो, आणि तो तसा लिहिला जावा हे रीतसरच आहे. परंतु ज्या बाईला मराठी वाचता येत नाही तिने त्याखाली सही किंवा अंगठा करण्यापूर्वी तो तिच्या भाषेत ओळीओळीने वाचून दाखवणे हे कार्यकर्त्याचे काम, आणि ते मी कधीही दुसऱ्यावर सोपवत नाही. ‘त्याने हात उगारला’ आणि ‘त्याने मारहाण केली’ यांत न्यायालयात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

आहाराची गोष्ट थोडक्यात सांगते. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकार 2018 पासून दरमहा पाचशे आणि 2024 च्या नोव्हेंबरापासून हजार रुपये देते, आणि सल्ल्याचा छापील कागद अंडी खा म्हणून सांगतो. जैन घरात तो कागद मुकाट्याने घडी होऊन कपाटात जातो. चौविहार पाळणारी वृद्धा सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, मग गोळी कशी घेणार! डॉक्टरांना आधीच विचारून गोळ्यांच्या वेळा दिवसात बसवल्या, डाळी-दूध-शेंगदाण्यांचा हिशेब मांडून दिला, की उपचार चालू राहतात. रमजानात सहरी व इफ्तारीच्या वेळांचा असाच मेळ डॉक्टरांकडून घालून घ्यावा लागतो. यांत तत्त्वज्ञान काही नाही, आधी विचारण्याचे कष्ट आहेत.

यावर कोणी म्हणेल, तर मग सगळेच रिवाज मान्य करावयाचे काय? मुळीच नाही. मारहाण, अल्पवयीन मुलीचे लग्न, म्हाताऱ्या आईबापांना उपाशी ठेवणे, यांना कोणत्याही समाजाच्या रूढीचे छत्र मिळता कामा नये, आणि ‘त्यांच्यात चालते’ असे म्हणून फाइल बंद करणारा कार्यकर्ता सहिष्णु नसतो, आळशी असतो. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरी-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1998 साली असे प्रतिपादन केले की परक्या संस्कृतीचे ज्ञान ही एकदा संपादून खिशात घालावयाची पदवी नसून, आपल्या अज्ञानाची व आपल्या हाती असलेल्या सत्तेची जाणीव जन्मभर जागी ठेवण्याची वृत्ती आहे. हे मला पटते, पण त्यात मी भर घालीन. रूढी कोणती टाकावयाची व कोणती ठेवावयाची हे त्या रूढीत जगणाऱ्या स्त्रीलाच विचारावे. ती पुष्कळदा आपल्यापेक्षा बारकाईने निवड करते. कोणाला नमाज हवी असते पण दिराचा धाक नको असतो. कोणाला पर्युषणाचे उपवास हवे असतात पण हिशेबाच्या वहीतून आपले नाव वगळलेले नको असते. कोणाला घुंगट चालतो पण मोबाइल काढून घेतलेला चालत नाही. आणि हे विचारणारी मीही कोठल्यातरी ‘आमच्यात’ वाढलेली आहे. शांतपणे, क्रमाने, प्रमाण मराठीत दुःख सांगणारी बाई मला अधिक विश्वासार्ह वाटू लागते, आणि आरडाओरडा करत, मागचेपुढचे सांगत बोलणारी आगरी बाई अतिशयोक्त वाटू लागते. हा कल माझ्या घरातून आलेला आहे, पुराव्यातून आलेला नाही, याची आठवण मला कागद हाती घेतानाच ठेवावी लागते.

या शहराच्या महापालिकेला, पोलीस आयुक्तालयाला आणि येथे काम करणाऱ्या संस्थांना माझी एक विनंती आहे. कोळी, कातकरी, वारली, उर्दूभाषी, भोजपुरीभाषी, मारवाडी अशा घरांतील ज्या मुली आज दुभाष्या म्हणून फुकट राबतात, त्यांना समाजकार्याचे शिक्षण द्यावे, रीतसर नेमणुकीचा कागद द्यावा, आणि इतर समुपदेशकांना मिळतो तोच पगार द्यावा.