आवाज कुठून येतो?

पांढरकवड्यात नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला अब्बांचे गॅरेज होते. तेव्हा तो सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता. २०१० मध्ये क्रमांक बदलले आणि तो चव्वेचाळीस झाला. गॅरेज म्हणजे टिनाचे शेड, गाडीखाली उतरायचा एक खड्डा आणि मागे कडुनिंबाचे झाड. शाळा सुटली की अब्बांचा डबा पोहोचवणे हे माझे काम. भावाच्या हाती पाना यायचा, माझ्या हाती डबा. अब्बा जेवत तोवर मात्र मला तिथे बसता यायचे. त्या अर्ध्या तासात मी जे ऐकले, ते पुढे कधी उपयोगी पडेल असे कोणालाच वाटले नव्हते, मलाही नाही.

गिऱ्हाइकाचे पहिले वाक्य ठरलेले असायचे, "मिस्त्री, गाडी कुईकुई करून राह्यली."

अब्बा लगेच गाडीला हात लावत नसत. आधी ड्रायव्हरला विचारत. गाडी उभी असताना आवाज येतो की चालताना? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? वळणावर येतो का? खड्ड्यात येतो का? सकाळी थंड गाडीत की दुपारी तापल्यावर? या पाच प्रश्नांतच निम्मे काम होऊन जायचे. हाताखालच्या पोरांना ते सांगत, "आवाज बंद करना अपना काम नहीं. कहाँ से आता, वो ढूँढना काम है."

उभ्या गाडीचे इंजिन सुरू करताच किंचाळी आली तर संशय पट्ट्यावर. चालू इंजिनापासून बोटे लांब ठेवून अब्बा बाटलीने पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडत. आवाज वाढला तर पट्टा सैल पडून घसरतो आहे. घटकाभर थांबून पुन्हा सुरू झाला तर पुली एका रेषेत नाहीत. खड्ड्यातली कुरकुर वेगळी. काळीपिवळी जीपगाड्या खेड्यांतून माणसे कोंबून यायच्या, त्यांच्या कमानीचे पाटे एकमेकांवर घासलेले असायचे, शॅकलमधले ग्रीस सुकलेले असायचे. तिथे ग्रीसगन चालायची. पण रबराच्या बुशला ग्रीस लावणाऱ्या पोराला हमखास बोलणी बसत. तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटते. बुशवर आधी साबणाचे पाणी टाकून बघायचे. कुरकुर थांबली तर दोष तिथलाच. मग बुश बदलायचे. दरवाजाच्या रबराची किरकिर मात्र चिमूटभर टाल्कम पावडरने जाते. ती पावडर अम्मीच्या डब्यातून यायची आणि त्यावरून घरात वेगळी कुरकुर व्हायची.

पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले आणि या सगळ्या आवाजांचे मूळ एकच असल्याचे समजले. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. एका सेकंदात शेकडो, हजारो वेळा असे झाले की त्याचा सूर होतो. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती याचसाठी. तारेवर जे गाणे होते, तेच ब्रेकच्या तबकडीवर किंचाळणे होते.

अब्बांचे खरे हत्यार होते एक लांब पेचकस. त्याचे टोक ते इंजिनावर टेकवत आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावत. डोळे मिटून ऐकत आणि सांगत, डायनॅमोचे बेअरिंग गेले. तो पेचकस दुसऱ्या कोणी उचललेला त्यांना खपत नसे. भावालाही नाही, मग माझा तर प्रश्नच नव्हता.

गॅरेज बंद झाले. जागा रस्त्याच्या रुंदीकरणात गेली आणि भाऊ नोकरीला लागला. उरली एक जुनी मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी देशात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आमची मधल्या काळातली, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. अब्बा ती जिवापाड जपत.

२०१९ च्या डिसेंबरात अब्बा मला यवतमाळला सोडायला निघाले. गावाबाहेर पडलो आणि माझ्या बाजूच्या पुढच्या चाकातून बारीक चीं-चीं ऐकू आली. सकाळी दव पडलेले असले की ब्रेकच्या तबकडीवर गंजाचा पातळ थर धरतो. तेव्हा पहिल्या तीन-चार ब्रेकला आवाज येतो आणि जातो, हे मला माहीत होते. पण हा गेला नाही.

"अब्बा, चाकातून आवाज येतो आहे."

"कोणता? सीट असेल."

"सीट नाही, चाक."

ते काही बोलले नाहीत. मला राग आला. हे नेहमीचेच होते. अम्मीने स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या तरी अब्बा वर्तमानपत्रातून मान वर करत नसत. माझ्या मुलीने काही विचारले तर भलतेच उत्तर देत. भाऊ बोलला की मात्र पहिल्याच वाक्याला ओ. अम्मी चिडून म्हणायची, "या घरात बाईच्या आवाजाला किंमतच नाही." मीही तेच धरून बसले होते, वर्षानुवर्षे.

यवतमाळला पोहोचलो तेव्हा ब्रेक दाबताना आवाज बदलला होता, चीं-चींची जागा करकरीने घेतली होती. माझ्या शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "थोडे तेल सोडा, बंद होईल." हे शब्द अब्बांनी बरोबर ऐकले. "ब्रेकला तेल दाखवायचेसुद्धा नाही," ते तडकून म्हणाले. मग त्यांनी मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढची बाजू जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि गाडी न्यूट्रलला टाकून हाताने चाक फिरवले.

चीं... अगदी स्वच्छ आवाज. मी चार हात लांब उभी होते तरी कानात गेला. अब्बा चाकाला कान लावून बसले होते आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती.

"आला?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला नाही येत?"

त्यांनी पिशवीतून पेचकस काढला. टोक कॅलिपरवर टेकवले, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसून राहिले. मग उठले आणि पेचकस माझ्यापुढे धरला. "तू सुन," म्हणाले.

मी ऐकत गेले, ते विचारत गेले. एका फेऱ्यात किती वेळा? सतत की अडखळत? आतल्या बाजूने की बाहेरच्या? माझे कान आणि त्यांची अक्कल, अशी आमची तपासणी चालली. शेवटी चाक उतरवले. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक होता आणि आतला पार संपलेला. पॅड झिजत आला की त्याची पत्र्याची छोटी जीभ तबकडीला घासते आणि किंचाळते. ती मुद्दाम त्यासाठीच ठेवलेली असते. गाडी किती दिवस ओरडत होती कोण जाणे. आत धूळ आणि गंजाने कॅलिपरची सरकपिन धरून बसली होती, त्यामुळे एकच पॅड सारखा दाबून राहिला होता. पिन साफ केली, तिला ब्रेकचे खास ग्रीस लावले, तबकडीवरची चरी खोल नाही याची खात्री केली आणि दोन्ही चाकांचे पॅड बदलले. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

त्या रात्री मला झोप आली नाही. टिनाच्या शेडमध्ये पत्रा ठोकल्याचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. आठ तास काम करायचे तर ८५ च्या पुढे आवाज नसावा, असे तज्ज्ञ सांगतात. अब्बांनी उभे आयुष्य त्यात काढले होते, कानात कापसाचा बोळासुद्धा नव्हता. असा गोंगाट आधी उंच सूर खातो, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. जाड, खर्जातले आवाज शाबूत राहतात. ट्रकची घरघर ऐकू येते, पुरुषाचा आवाज ऐकू येतो. जातो तो ब्रेकचा बारीक सूर, लहान मुलांचा आवाज, बाईची हाक. हा धडा मी वर्गात शिकवत होते. घरी मात्र एक प्रश्नही न विचारता निकाल देऊन मोकळी झाले होते.

नंतर नागपुरात कानांची तपासणी केली. कागदावरची रेघ डावीकडे सपाट होती आणि उजवीकडे एकदम खाली कोसळली होती. अब्बांनी कागद हातात घेऊन न्याहाळला. "ये तो घाट है," म्हणाले. अम्मी शेजारीच बसली होती. तिने फक्त त्यांच्या हातातला कागद घेतला आणि नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

कानाचे यंत्र अब्बा कधी लावतात, कधी खिशातच ठेवतात. गाडी आता मी चालवते. ते शेजारी बसतात आणि गतिरोधकावरून गाडी गेली की विचारतात, "क्या बोलती?" मी सांगते. मग त्यांचे पाच प्रश्न सुरू होतात.

अम्मीही आता स्वयंपाकघरातून हाका मारत नाही. समोर येऊन, तोंड दिसेल अशी उभी राहून सावकाश बोलते. तरी एखादा शब्द वाया गेलाच तर कमरेवर हात ठेवून विचारते, "मिस्त्री, उभे असताना ऐकू येत नाही की चालताना?"

हे मात्र अब्बांना पहिल्याच वेळी ऐकू येते.