खिजाँ पाहायला जमलेली गर्दी

वर्गात उर्दू गझल शिकवताना 'बहार' आणि 'खिजाँ' हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात. बहार म्हणजे वसंत, आनंद, भेट. खिजाँ म्हणजे पानगळ, विरह, उतरती कळा. मराठीतही म्हाताऱ्या माणसाला आपण 'पिकलं पान' म्हणतो आणि पुढचे न बोलताच सगळ्यांना कळते.

जपानमध्ये मात्र लोक खिजाँची वाट पाहतात. कोणत्या गावातली पाने कधी लाल होतील, याचे अंदाज तिथे पावसाच्या अंदाजासारखे प्रसिद्ध होतात. वसंतात चेरीचा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. पानांची लाली उलट उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून खाली येते आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योटोला पोहोचते. ही पाने पाहायला जाण्याला 'मोमिजीगारी' म्हणतात, म्हणजे मेपलच्या पानांची शिकार!

माझा धाकटा भाऊ ओसाकाला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळी उशिरा आली, म्हणून शाळेची सुट्टीही नोव्हेंबरात बरीच लांबली. तेव्हा मी अम्मींना घेऊन त्याच्याकडे गेले. अब्बांच्या इंतकालनंतर तीन वर्षे अम्मी कुठेही गेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी गुडघ्याचे ऑपरेशन सुचवले होते, पण त्यांचे उत्तर ठरलेले असे, "पिकल्या पानाला आता कशाला कापाकापी?" नातवाला पाहायचे म्हणून तेवढ्या त्या निघाल्या.

भावाने आम्हाला क्योटोच्या तोफुकुजी या मंदिरात न्यायचे ठरवले. मंदिरात कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्याही घरी तो निघाला होता. आम्ही बाग, झाडे आणि जुने लाकूडकाम पाहायला गेलो होतो. पानांचा परिसर तिकीट काढून पाहायचा असतो, आणि तिथे कोणी कोणाला पूजाअर्चेचा आग्रह करत नाही.

क्योटो स्थानकावरून नारा मार्गाच्या गाडीने तोफुकुजी हे पहिलेच स्थानक. तिथून दहा मिनिटांची चाल. आम्हाला रस्ता विचारावा लागला नाही. सगळी गाडीच तिथे उतरली आणि गल्लीतून एकाच दिशेने चालू लागली. कडेला पोलीस आणि स्वयंसेवक हातवारे करून रांग सरळ ठेवत होते. इतक्या माणसांत आवाज फक्त पावलांचा होता. पुढच्याला ढकलून घुसणारा एकही दिसला नाही. अम्मी काठी टेकत चालत होत्या, तर मागचे लोक आपोआप बाजूने वळून जात.

या मंदिराची पायाभरणी 1236 साली झाली. नारा शहरातल्या तोदाइजी आणि कोफुकुजी या दोन मोठ्या मंदिरांच्या नावांतून 'तो' आणि 'फुकु' ही अक्षरे घेऊन याचे नाव बनले. समोरचा प्रचंड लाकडी दरवाजा 1425 चा आहे. झेन पंथाच्या मंदिरांतला जपानमधला हा सर्वांत जुना दरवाजा. 1881 च्या आगीत आवारातल्या मोठ्या इमारती जळाल्या, दरवाजा वाचला.

पण इथली खरी गोष्ट झाडांची आहे. सहाशे वर्षांपूर्वी इथे मिंचो नावाचा भिक्षू राहत होता. तो चित्रकार होता. त्याने बुद्धाच्या निर्वाणाचे भव्य चित्र काढले. ते पाहून शोगुन, म्हणजे त्या काळचा खरा सत्ताधारी, आशिकागा योशिमोची खूश झाला आणि म्हणाला, हवे ते माग. मिंचोने धन मागितले नाही, पद मागितले नाही. तो म्हणाला, आवारातली चेरीची झाडे तोडायचा हुकूम द्या. फुले पाहायला लोक जमतील, मौजमजा करतील, आणि साधनेची जागा जत्रेची होईल. झाडे तोडली गेली, असे परंपरेने सांगतात.

भावाने ही गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही रांगेत उभे होतो. अम्मींनी पुढे पाहिले, मागे पाहिले आणि म्हणाल्या, "मग हे सगळे कोण आहेत?"

खरेच आहे. फुलांची गर्दी नको म्हणून चेरी गेली, आणि मागे उरलेल्या मेपलनी त्याहून मोठी गर्दी जमवली! आज इथे सुमारे दोन हजार मेपल आहेत. मधोमध एक घळ आहे, तिच्या तळाशी झरा वाहतो, आणि घळीवर छत असलेला लाकडी पूल आहे. त्याचे नाव त्सुतेन्क्यो. 1959 च्या वादळात हा पूल कोसळला होता, 1961 मध्ये पुन्हा बांधला. पुलावरून खाली पाहिले की झाडांचे शेंडे दिसतात. लाल, नारिंगी, मध्येच हिरवे, जणू कोणी घळीत गालिचे अंथरून ठेवलेत.

2016 पासून गर्दीच्या दिवसांत या पुलावर फोटो काढायला मनाई आहे. फोटोसाठी लोक थांबत, रांग तुंबे आणि अपघाताची भीती असे. आता कर्मचारी सतत सांगत असतात, थांबू नका, पुढे चला. जगभरातून आलेली माणसे हातातला मोबाइल खिशात ठेवून फक्त पाहत होती. मिंचोची पूर्ण इच्छा राहिली नाही, पण तिचा एक छोटा तुकडा या नियमात उरला आहे, असे मला वाटले.

पूल ओलांडल्यावर अम्मी एका बाकावर टेकल्या. घळीत उतरणाऱ्या पायऱ्या आम्ही सोडून दिल्या. सातवीतला भाचा विचारू लागला, "पाने लाल का होतात, फुफीजान?" शिक्षकाला एवढे निमित्त पुरते. मी सांगितले, थंडी पडू लागली की झाड पानातले हरितद्रव्य मोडून त्यातले सत्त्व परत घेते. गिंकोच्या पानातला पिवळा रंग उन्हाळाभर तिथेच असतो, हिरव्याखाली झाकलेला. पण मेपलचा लाल रंग आधी नसतो. पानात उरलेल्या साखरेपासून तो शरदातच नव्याने तयार होतो.

अम्मी ऐकत होत्या. "म्हणजे हा रंग म्हातारपणीच येतो?"

"हो अम्मी."

"माझा तर गुडघाच तेवढा लाल झालाय," त्या म्हणाल्या. तीन वर्षांनी मी त्यांना असे मोकळे हसताना पाहिले.

दुपारी केइहान रेल्वेने आम्ही जिंगू-मारुतामाची स्थानकावर उतरलो. तिथून थोड्या अंतरावर एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर क्योटोची मशीद आहे. जोहर तिथेच अदा केली. नोव्हेंबरात क्योटोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे असर आणि मगरिबची वेळ लवकर येते, हे लक्षात ठेवूनच दिवस आखावा.

कोणी कुटुंबासह जाणार असेल तर थोडे अनुभवाचे बोल. शनिवार-रविवार टाळा आणि सकाळी लवकर पोहोचा. या हंगामात दरवाजे साडेआठला उघडतात. पूल आणि पलीकडच्या बागेचे तिकीट हजार येन, म्हणजे साधारण साडेपाचशे-सहाशे रुपये. वयस्कर माणूस सोबत असेल तर निम्मेच पाहायचे असे आधीच ठरवा. तयार पदार्थांत डुकराची चरबी किंवा मद्य असू शकते, म्हणून भावजयीने पोळ्या आणि अंडाभुर्जी बांधून दिली होती. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच, तेव्हा रिकामी पिशवी जवळ असू द्या. कचरा घरी परत न्यायचा.

अम्मींनी ऑपरेशनला अजून होकार दिलेला नाही. पण डॉक्टरांकडे गेल्या होत्या, आणि यंदा प्रथमच त्यांनी विचारले, "ऑपरेशननंतर चालायला किती दिवस लागतात?" पिकल्या पानाचे नाव काढले नाही. मीही नववीच्या वर्गात 'खिजाँ'चा अर्थ सांगताना आता फळ्यावर आणखी एक ओळ लिहिते: काही रंग याच ऋतूत तयार होतात.