घशाची गोळी आणि मधुमेहाचं पथ्य

संपादकांनी मधुमेह आणि दिवाळीचा फराळ यावर लेख मागितला होता. फराळावर दरवर्षी पुष्कळ लिहिलं जातं. मला घशाच्या गोळीवर लिहायचं आहे, कारण सिन्नरला आहारसल्ला देताना यंदा चकली-करंजीपेक्षा तिनंच मला जास्त छळलं.

तालुक्यातले एक कीर्तनकार महाराज माझ्याकडे येतात. मधुमेह जुना, पथ्य कडक. चहा बिनसाखरेचा, भाकरी मोजून, एकादशीला साबुदाणा वर्ज्य. आहाराची वही दाखवावी तर त्यांचीच. तरीही सप्ताहाच्या दिवसांत साखर चढलेली. वहीत नसलेली गोष्ट बंडीच्या खिशात सापडली: घशाच्या गोळ्यांच्या पट्ट्या. मी विचारलं तर म्हणाले, “मॅडम, ते औषध आहे. ते कशाला लिहायचं वहीत?”

चोखायची साधी गोळी साधारण अडीच ग्रॅमची असते आणि ती जवळजवळ सगळी साखर आणि ग्लुकोजचीच असते. स्ट्रेप्सिल्ससारख्या गोळीत डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल १.२ मिलिग्रॅम आणि अमाइलमेटाक्रेसॉल ०.६ मिलिग्रॅम, एवढंच औषध. घसा धरला म्हणून दिवसात एक-दोन गोळ्या घेतल्या तर मधुमेह्याचं काही बिघडत नाही. त्यावरून घरातल्यांनी म्हाताऱ्या माणसाला बोलू नये. पण दहा गोळ्या म्हणजे २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली वरून घातलेली साखर शक्यतो एकूण उष्मांकांच्या ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं. २००० उष्मांकांच्या आहारात ती मर्यादा २५ ग्रॅमच होते. महाराजांचा दिवसभराचा संयम असा खिशातून संपत होता.

माझा राग लेबलावर आहे. पेपरमिंटच्या मोठ्या पाकिटावर साखर किती ते छापावं लागतं, कारण ते खाद्य. तशीच गोळी औषध म्हणून विकली की पट्टीवर औषधाचे मिलिग्रॅम काटेकोर असतात, साखरेचे ग्रॅम मात्र नसतात. ज्याला साखर मोजायला सांगितली आहे, त्यानं मोजायची कशी? हे मी जमेल तिथं बोलते. कंटाळले आहे, पण बोलणं सोडणार नाही.

मग लोक ‘शुगर-फ्री’कडे वळतात आणि तिथं दुसरा गैरसमज सुरू होतो. आपल्याकडच्या अन्ननियमांप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच तसं लिहिता येतं. पण गोळीला आकार तर हवा. म्हणून आयसोमाल्ट, माल्टिटॉल, सॉर्बिटॉल घालतात. आयसोमाल्टचे उष्मांक साखरेच्या निम्मे आणि तो रक्तातली साखर फारशी हलवत नाही. माल्टिटॉल हलवतो, साखरेपेक्षा कमी, पण हलवतो. शिवाय न पचलेला भाग आतड्यात पाणी ओढतो, तिथले जंतू त्याचा वायू करतात. मूठभर गोळ्या खाल्ल्या की पोट फुगतं, जुलाब होतात. दोन तास उभं राहून कीर्तन करणाऱ्यानं हे आधी जाणून घ्यावं. खडीसाखर ‘थंड’ म्हणून देणाऱ्यांनी ती साखरच आहे हे लक्षात ठेवावं. ज्येष्ठमध साखर वाढवत नाही, पण रोज चघळलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

उलट साखर एकदम उतरली की काही जण हीच गोळी तोंडात टाकतात. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच लागतो, म्हणजे सहा गोळ्या, आणि चोखत बसायला वेळ नसतो. पाण्यात ग्लुकोजची पूड किंवा साखर ढवळून प्यावी.

पथ्यात बसते का, या प्रश्नाआधी गोळी लागतेच का, हे विचारायला हवं. सिन्नरमध्ये विड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या धुळीनं खोकला येतो आणि त्या वर्षानुवर्षं गोळ्यांवर काढतात. मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पट. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकीची तपासणी करायलाच हवी. चढलेल्या साखरेनंही तोंडाला कोरड पडते. आणि रामिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो.

महाराजांचं नेमकं हेच निघालं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली, तीनेक आठवड्यांत खोकला ओसरला. कीर्तनात पडणारी कोरड राहिली. त्यासाठी दिवसाला चार साध्या गोळ्या, म्हणजे दहा ग्रॅम, असं आम्ही ठरवलं. त्या वहीत लिहायच्या. चार हा आकडा कुठल्या ग्रंथातला नाही, बाकीचा आहार पाहून मी बांधलेला अंदाज आहे, आणि ते तो गुरुवाक्यासारखा पाळतात याचं मला ओझं वाटतं. म्हणून येत्या सप्ताहात रोज दोनदा साखर तपासायची आणि गरज पडली तर आकडा बदलायचा. तपासण्याआधी हात धुवायला सांगितलं आहे; गोळीचा चिकटा बोटाला राहिला तर यंत्र साखर वाढलेली दाखवतं.