वेल कशाने चढते

चि. सोनूस,


तुझं पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. तळेगावच्या प्लॉटला जाळी लागली, बरं झालं. पण ‘सहा महिन्यांत जाळी दिसेनाशी होईल अशी वेल सांग’ हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. ही घाई मीही केली होती.

आमच्या मागच्या कुंपणावर मी मधुमालती चढवली. भरभर वाढते म्हणून नर्सरीवाल्याने दिली, आणि वाढलीही तशीच. संध्याकाळी उमलताना फुलं पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकेका घोसात तिन्ही रंग. अंधार पडला की लांब सोंडेचे पतंग त्यावर यायचे. मी हरखून गेले होते, छाटणी करायचं जिवावर यायचं. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वारा सुटला. वर भिजलेल्या पाल्याचं धूड, खाली पातळ जाळी आणि उथळ पुरलेले अँगल. सकाळी पाहते तर चाळीसेक फूट कुंपण आडवं. वेल सोडवताना हात ओरबाडून निघाले, तेव्हा कुठे तिचं खोड जवळून पाहिलं. पान गळतं, पण देठाचं बूड खोडालाच राहतं आणि कडक होऊन त्याचा काटा बनतो. त्या काट्यांच्या आधाराने ती वर सरकते. अशा वेलीला दणकट मांडव हवा. तुझी जाळी तिला पेलणार नाही.

तेव्हापासून मी फुलाआधी वेल कशाने चढते ते बघते.

कृष्णकमळाचे तणावे पाहा. सरळ येतात, तारेला टेकले की वळतात आणि मग स्प्रिंगसारखे आवळतात. तुझी जाळी त्यांना अगदी सोयीची, तेव्हा पूर्वेच्या बाजूला तीच लाव. तिच्यावर काटेरी सुरवंट येतील, पानांची चाळण करतील. औषध मारू नकोस. त्यांचीच नारिंगी फुलपाखरं होतात आणि वेल पुन्हा फुटते. गोकर्णाला तणावे नसतात, खोडच तारेला वेढे घालत जातं. बिया रात्रभर भिजवून जूनमध्ये जाळीलगत टोच; तुला हवी असलेली घाई तेवढी ती भागवेल, आणि वजनालाही हलकी. जुई मात्र झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोरच हवी, यात मी तुझं ऐकणार नाही.

पश्चिमेला भाजणारं ऊन आहे म्हणतेस, तिथे बोगनवेल. ती स्वतः काही पकडत नाही, काटे अडकवून रेलते, म्हणून सुतळीने बांधावी लागते. रंगीत दिसतात ती तिची पानं. खरं फूल मधलं, पांढरं, इवलंसं. मूळ धरलं की पाणी तोडत जा. फार पाणी दिलंस तर नुसता पाला माजेल. फाटकापासून मात्र लांब ठेव, येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे फाटतात.

रस्त्याकडून शेळ्या येतात तिथे वेल नकोच, अडुळसा लाव. पानं इतकी कडू की शेळी तोंड लावत नाही. थंडी सरता सरता पांढरी फुलं येतात, मधमाश्या घोंगावतात आणि खोकल्याच्या काढ्याला पानं दारात मिळतात.

बाळ आता रांगायला लागलंय, म्हणून हे नीट वाच. शेर, कण्हेर आणि बिट्टी कुंपणाला कितीही सोपी असली तरी नकोत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेततं. कण्हेर सगळीच विषारी, आणि बिट्टीच्या बिया तर मुलं खेळायला हमखास उचलतात. घाणेरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. बागेची शोभा म्हणून अमेरिकेकडून आलेलं ते झुडूप आज सह्याद्रीच्या रानात जिकडेतिकडे माजलंय, आणि तुझ्या मागेच डोंगर आहे.

रोपं जाळीला खेटून नको, फूटभर आत लाव. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नकोस.

मृगाचा पाऊस झाला की अडुळशाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. आल्या की त्याच संध्याकाळी लाव. वरचं टोक कळावं म्हणून तिकडे लाल दोरा बांधीन; ते मातीत जाऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी