दोरूच्या काठाने

निघताना दादांना मी जे सांगितलं ते अर्धंच खरं होतं. "स्पेनला जाऊन येतो," एवढंच म्हटलं. स्पेनला आम्ही गेलोही, चार दिवस राहिलो. पण सालामांकाला भाड्याची मोटार घेऊन ह्यांनी तिचं तोंड पश्चिमेकडे वळवलं, तेव्हा पुढला देश कोणता हे मला ठाऊक होतं आणि ९२ वर्षांच्या माझ्या वडिलांना ठाऊक नव्हतं.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याहून पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींत दादा होते. वय २२. त्या दिवशी पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. कितीतरीजण परतलेच नाहीत. दादा परतले, ते उजव्या गुडघ्यावर बंदुकीचा दस्ता बसून. तो गुडघा पुढे कधी नीट वाकला नाही. आम्हां भावंडांच्या लेखी पोर्तुगाल म्हणजे तो गुडघा. शाळेत असताना एकदा मी शहाणपणा करून म्हटलं होतं, "दादा, बटाटा, पाव, पगार, चावी हे सगळे पोर्तुगीज शब्द आहेत." तर म्हणाले, "असू देत. जाताना न्यायचे विसरले."

ह्यांचा हट्ट मात्र द्राक्षांसाठी होता. हे निफाडचे, द्राक्षबागेत वाढलेले. दोरू नदीचं खोरं एकदा डोळ्यांनी पाहायचं, हा ध्यास कित्येक वर्षांचा. "तुझ्या वडिलांचं भांडण सालाझारशी. द्राक्षांनी काय केलंय त्यांचं?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

सरहद्दीवर ना चौकी, ना शिपाई. एक निळी पाटी आली आणि मागे गेली. हद्द ओलांडणं इतकं सोपं असतं याचा मला, खरं सांगते, रागच आला. तो मी ह्यांच्या मोटार हाकण्यावर काढला. उजव्या बाजूने चालवायची सवय नसल्यामुळे हे प्रत्येक वळणावर "उजवीकडे, उजवीकडे" असं पुटपुटत होते, जणू मारुतिस्तोत्रच!

दुपारी खोरं दिसलं आणि माझी कुरकुर थांबली. नदीच्या दोन्ही तीरांवर डोंगर, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांधांच्या पायऱ्या. एकेका पायरीवर वेलींच्या ओळी. माती अशी नाहीच, पाटीच्या दगडाचा नुसता चुरा. माणसांनी तो पहारीने फोडून त्यात वेली लावल्या. इथल्या मद्याला पोर्तो शहराचं नाव. पाँबालच्या मार्किसाने १७५६ साली या प्रदेशाची सीमा आखून दिली. भेसळ थांबावी म्हणून रोवलेले ग्रॅनिटचे खांब अजून काही ठिकाणी उभे आहेत.

मधूनच काही पायऱ्या ओसाड. तिथे झुडपं, नाहीतर जैतुनाची झाडं. त्यांना इथे 'मोर्तोरियो' म्हणतात. १८६० नंतर फायलोक्झेरा नावाच्या किडीने मुळं खाऊन बागाच्या बागा मारल्या, त्यांतल्या कित्येक पुन्हा लागल्याच नाहीत. बाकीच्या वाचल्या त्या अमेरिकन खुंटावर कलमं करून. हे ऐकताच ह्यांची छाती फुगली. "आमचा डॉगरिजचा खुंटही अमेरिकेचाच! फक्त आम्ही तो पाण्याच्या टंचाईसाठी वापरतो." मग मोटार थांबवून ह्यांनी एका वेलीची पानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "भुरी इथेही आहे." चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद!

पिन्यांवजवळ एका जुन्या वाडीत मुक्काम केला. मालकीणबाई पंच्याऐंशीच्या, नखशिखान्त काळ्या पोशाखात. खोलीची किल्ली हातावर ठेवत म्हणाल्या, "शाव्ह." हे मला हळूच म्हणतात, "अगं, चावीच म्हणतायत की!"

सप्टेंबरअखेरची तोडणी चालू होती. रात्री दगडी हौदात गुडघ्याच्या वर द्राक्षं आणि त्यांत खांद्यावर हात टाकून माणसांची रांग, एका तालात पाय उचलणारी. आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आहेत, पण काही बागायतदार अजून पायांनीच तुडवतात. रस आंबू लागला की अर्ध्यावरच त्यात कडक ब्रँडी ओततात. आंबणं थांबतं आणि द्राक्षाची साखर तशीच राहते. बाई काठीवर हनुवटी टेकून पाहत होत्या. त्यांची नात इंग्रजी जाणणारी. तिच्या तोंडून बाईंनी विचारलं, "हिंदुस्थानातून? गोव्याजवळून का?"

मी 'हो' म्हटलं. बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग कळलं की त्यांचा थोरला भाऊ १९६० साली शिपाई म्हणून गोव्याला धाडलेला. जायचं की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारचा हुकूम होता, शरण जायचं नाही, लढून मरायचं. गव्हर्नर वासालो इ सिल्वाने तो मोडला आणि हजारो पोरं जगली, हा त्यांतलाच एक. काही महिने हिंदुस्थानच्या कैदेत राहून १९६२ च्या मे महिन्यात ही मंडळी परतली, तेव्हा स्वागताला बंदुका घेतलेले लष्करी पोलीस. गव्हर्नरला सैन्यातूनच काढून टाकलं. भावाला गावात भित्रा म्हणू लागले, तो फ्रान्सला निघून गेला. "एप्रिल १९७४ मध्ये राजवट उलथली, तेव्हा आला," बाई म्हणाल्या आणि हौदाकडे बोट दाखवलं. "मग दरवर्षी इथे, रांगेत पहिला. तीन वर्षं झाली जाऊन."

मला दादांविषयी सांगायचं होतं. जीभच वळली नाही.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या रस्त्याने रेग्वा, तिथून मारांव डोंगरातला साडेपाच किलोमीटरांहून लांब बोगदा आणि संध्याकाळी पोर्तो. १८८६ सालचा उंच लोखंडी पूल, पलीकडे गायात वखारी. पूर्वी सपाट तळाच्या होड्यांतून मद्य नदीने इथवर यायचं. आता त्या होड्या शोभेला बांधून ठेवल्या आहेत. वखारीत अंधारात साडेपाचशे लिटरांची लाकडी पिपं रचलेली. दाखवणारा मुलगा त्यांना 'पीपा' म्हणाला. दादा अजून परसातल्या पिंपातल्या पाण्यानेच आंघोळ करतात. मी एक घोट घेतला, खोकल्याच्या औषधासारखा लागला. ह्यांना तसं वाटलं नसावं. यांनी दोन पेले घेतले.

नदी जिथे अटलांटिकला मिळते तिथे दिवादांडीपाशी बसून मी दादांना फोन लावला. सगळं सांगून टाकलं. देश, बाई, भाऊ, हौद, सगळं. पलीकडे इतकी शांतता की फोन तुटला असं वाटलं.

"आपल्या लोकांनी कैदेत त्याला नीट ठेवलं होतं का?" दादांनी विचारलं.

"विचारलं नाही, दादा."

"विचारायचं होतंस." पुन्हा थोडं थांबून, "म्हातारपणीही द्राक्षं तुडवायचा म्हणालीस ना?"

"हो, दरवर्षी."

"म्हणजे गुडघे चांगले असणार त्याचे," दादा म्हणाले. "बरं, ठेव आता. बिल होईल."