साडेसातशेची साडेसाती

सहा महिने मुक्कामाला म्हणून मुलाकडे न्यू जर्सीत गेलेल्या बापाला करण्यासारखी कामं तीनच. टपाल आत आणायचं, कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा आणि 'इथली हवा मानवली का?' या प्रश्नाला 'हो' म्हणायचं. त्यामुळे एका सकाळी सूनबाई रात्रपाळीहून आली आणि गणवेशही न बदलता म्हणाली, "बाबा, पुढचं शिकावं म्हणतेय. जरा कागद बघाल?" तेव्हा मला पुन्हा नोकरी लागल्यासारखं वाटलं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी कागदच बघितले. पाणी क्वचितच पाहिलं.

सूनबाई बी.एस्सी. नर्स. इथल्या इस्पितळात अकरा वर्षं रात्रपाळ्या केल्या, रोगी उचलून उचलून पाठ धरली. आता तिला व्हायचं होतं नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे रोगी तपासायचा, निदान करायचं आणि औषधही लिहून द्यायचं. त्याला मास्टर्सची पदवी लागते आणि ती बऱ्याच विद्यापीठांतून ऑनलाइन मिळते.

"म्हणजे टायफॉइडचा रोगीसुद्धा कॉम्प्युटरवरूनच येणार?" मी विचारलं.

"नाही हो बाबा. पुस्तकी भाग घरून. रोगी तपासायला जवळच्या एखाद्या क्लिनिकमध्ये जायचं, कोणाच्या तरी हाताखाली."

मी फूलस्केपवर रकाने आखले. एका क्रेडिटची फी किती? सीसीएनई किंवा एसीईएन या दोन संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का? आपल्या राज्यातली विद्यार्थिनी चालते का? (प्रत्येक विद्यापीठ प्रत्येक राज्यातले विद्यार्थी घेतंच असं नाही, हे मला तिथे कळलं.) माहितीपत्रकांवर गळ्यात स्टेथॉस्कोप घातलेल्या बायका खळखळून हसत होत्या. रात्रपाळी करून आलेली नर्स हसताना आमच्या घरात तरी मी पाहिली नव्हती. चौकशीच्या अर्जावर एकदा फोन नंबर लिहिला, तर विद्यापीठांची माणसं दिवसातून तीन-तीनदा फोन करू लागली. आमच्या लग्नात सौ.च्या मामांनीसुद्धा माझा एवढा पाठपुरावा केला नव्हता.

शेवटचा रकाना होता, 'क्लिनिक कोण शोधून देणार?' एक विद्यापीठ म्हणत होतं, आम्ही. पण त्याची फी जवळजवळ दीडपट. दुसरं स्वस्त. त्याच्या पत्रकात लिहिलं होतं, विद्यार्थिनीला जागा शोधण्यात साहाय्य केले जाईल. हे वाक्य मी ओळखायला हवं होतं. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं मी स्वतः हजारो शेतकऱ्यांना कळवलेलं आहे आणि त्याचा अर्थ काय हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण घराचे हप्ते चालू होते. मी 'स्वस्त'वर खूण केली. सूनबाईने माझं ऐकलं.

दीड वर्षाने पुन्हा गेलो, तेव्हा पुस्तकी भागात ती पहिल्या वर्गात होती आणि क्लिनिकचा पत्ता नव्हता. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाची राष्ट्रीय मानकं २०२२ साली नवी झाली, तेव्हा रोगी तपासण्याचे किमान तास ५०० वरून ७५० वर गेले. एवढे तास शेजारी उभं करून घेणारा प्रिसेप्टर, म्हणजे परवानाधारक डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर, तिचा तिने मिळवायचा. विद्यापीठाचं साहाय्य एका यादीच्या रूपाने आलं होतं. यादीतले एक डॉक्टर निवृत्त झाले होते आणि एक वारले होते.

तिने सव्वीस ठिकाणी फोन केले. कोणी म्हणे, वेळ नाही. कोणी म्हणे, आम्ही इथल्याच विद्यापीठाची मुलं घेतो. पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणारे मध्यस्थही निघाले. बाकी ठिकाणी एकच प्रश्न, "तुम्ही आमच्याकडे कोणाला ओळखता?" मी थक्क झालो. जन्मभर मी वशिल्याला नावं ठेवली आणि अमेरिकेकडे बोट दाखवलं. तिथे त्याला नेटवर्किंग म्हणतात एवढाच फरक! महिन्याभरात क्लिनिक आणि विद्यापीठ यांचा करार झाला नाही, तर एक अख्खं सत्र वाया जाणार होतं. सूनबाई मला एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाहीच. लग्न ठरताना मी म्हणालो होतो, "मुलगी चांगली आहे, पण नर्स..." त्या तीन टिंबांबद्दलही ती कधी बोललेली नाही.

मग मी खिशात तिचा बायोडाटा घालून मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो. प्रसादाच्या रांगेत तीन डॉक्टर गाठले. एक भूल देणारे, एक दातांचे. तिसऱ्यांना अर्धा तास पटवल्यावर कळलं, की ते स्थापत्यशास्त्राचे डॉक्टर आहेत. पुलाविषयी मात्र फार छान बोलले.

अशात माझा उजवा कान बसला. चिरंजीवांनी मला एका लहानशा क्लिनिकमध्ये सोडलं. तपासायला आल्या एक पिकल्या केसांच्या नर्स प्रॅक्टिशनर बाई. त्या कानात पाण्याची पिचकारी मारत असताना मी माझ्या कार्यालयीन इंग्रजीत सुरुवात केली. म्हटलं, १८८० साली इथून जवळच, रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी एका मिशनरी मासिकात आमच्या गोपाळराव जोशांचं पत्र वाचलं. ओळख ना देख! पण त्यांनी स्वतः पत्र लिहिलं, १८८३ साली आनंदीबाई जोशांना घरी उतरवून घेतलं आणि १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. "मॅडम, आय बेग टू स्टेट, माझ्या सुनेलाही..."

मळ निघाला, म्हणून त्यांचं उत्तर मला नीट ऐकू आलं. "तिने ईमेल केली होती का?"

"दोनदा."

"माझ्यापर्यंत आली नाही. मंगळवारी आणि गुरुवारी येऊ दे तिला. आणि तुम्ही कानात काडी घालू नका."

करार सही होऊन आला सत्र सुरू व्हायच्या चार दिवस आधी. पहिल्या मंगळवारच्या आदल्या रात्री सूनबाईने सरावासाठी मला कोचावर आडवं केलं. डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, 'आ' करायला लावलं, पोट टकटक वाजवून ऐकलं. मग पुस्तकात असतं तसं विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

ती तीन टिंबं अगदी ओठांवर आली.

"कान आता बरा आहे," मी म्हणालो.

"बरं. आता स्मरणशक्ती. तीन शब्द सांगते, पाच मिनिटांनी विचारीन. आंबा, खुर्ची, नदी."

पाच मिनिटांनी आंबा आठवला, खुर्ची आठवली. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस नदी विसरला.

"वयोमानाप्रमाणे, असं लिहू का?" सूनबाईने विचारलं.

"आधीपासूनच, असं लिही," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली.